चेंडू त्यालाच द्या

१३ जुलै, रविवार

ही डायरी लेकीने टाकून दिलेली. कुणा फोमवाल्याने भेट म्हणून पाठवली, तिने पहिली दोन पानं खरडली आणि रद्दीत भिरकावली. मी ती दोन पानं फाडली नि डायरी ठेवून घेतली. दुसऱ्याने टाकलेलं उचलायचं आणि त्यातून आपलं काहीतरी उभं करायचं, हा माझा जन्माचा धंदा. मोठ्या कारखान्यांच्या मागच्या दारी फोमची कतरण पडलेली असायची. ती गोणीत भरून आणायची, निवडायची, दाबून उशा करायच्या. आज त्याच कतरणीवर गाद्यांचा कारखाना उभा आहे. आमचा फुटबॉल क्लबही मी असाच उचलला. बंद करायला निघाले होते. आता दोन वर्षं वरच्या गटात आहे.

"लिहा," बायको म्हणाली. "तेवढा वेळ तरी घरात शांतता."

तर आज क्लबात तोफ आली. हे नाव मीच ठेवलं, स्टेजवर, सगळ्यांसमोर. टीव्हीवर ज्याचे गोल बघत आम्ही जेवणं थंड केली, तो स्ट्राइकर आमच्याकडे! जुन्या क्लबाशी करार संपला, त्यांनी नवा दिला नाही, गडी सुटा झाला. म्हणे पस्तिशी जवळ आली. म्हणणाऱ्यांना म्हणू दे. कतरण कुठली चांगली ते मला हाताला कळतं.

आणखी एक क्लब त्याच्या मागे होता. ते जे देऊ शकत नाहीत ते मी दिलं: करारात कलमच घातलं की खेळण्याजोगा असेल तर प्रत्येक सामन्यात तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मैदानावर असेल. बाकावर बसवायचं नाही. मास्तरांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, तोंड वाकडं केलं. मास्तर हिचे सख्खे भाऊ, त्यामुळे वाकडं तोंड मला घरी-दारी ओळखीचं आहे.

"भावोजी, हे कलम गळ्यात अडकेल."

"मास्तर, तोफ कुणी माळ्यावर ठेवतं का?"

सगळे हसले. तोफही हसली, पण जरा उशिरा.


१९ जुलै

पाहुण्याला हॉटेलात कशाला ठेवायचं? घराचा वरचा मजला रिकामा आहे. रंग दिला, नवी गादी टाकली, आमच्याकडची सगळ्यात जाड. खिडकीतून समोर कारखान्याची भिंत दिसते. त्या भिंतीवर त्याचं चित्र रंगवून घेतलं, तीन मजले उंच, छाती पुढे, पायाशी चेंडू. म्हटलं, सकाळी डोळे उघडले की माणसाला आपण कोण आहोत ते दिसलं पाहिजे.

आज वर गेलो तर खिडकीला जाड चादर लावलेली. बिचाऱ्याला पडदा मिळाला नसेल. मी चादर काढली आणि पांढरा पातळ पडदा लावून दिला, उजेड येईल असा. तो "थँक्यू, भाऊ" म्हणाला. फार सालस माणूस.


३ ऑगस्ट, रविवार

उद्यापासून सरावाचा शेवटचा टप्पा. रात्रभर त्याच्या जुन्या गोलांची चित्रफीत बघत होतो. कुणीतरी सगळे गोल एकापुढे एक लावून वर गाणं टाकलं आहे. चेंडू याच्या पायाशी येतो, आणि जाळ्यात. पुन्हा येतो, पुन्हा जाळ्यात. लेक मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, पण चेंडू येतो कुठून?"

"म्हणजे?"

"प्रत्येक वेळी चेंडू याच्याकडे आल्यावरच चित्र सुरू होतं. आधीचं कापलंय."

"आधीचं बघून काय करायचंय? गोल कुणी मारला ते महत्त्वाचं."

ती खांदे उडवून गेली. हुशार आहे पोरगी, पण नको तिथे टाके घालते. क्लबाच्या सामन्यांचं चित्रीकरण तीच करते, आमच्या बाकामागच्या जिन्यावरून. गेल्या वर्षी तक्रार होती तिची, की माझ्या आवाजाने सगळं रेकॉर्डिंग खराब होतं. मी म्हटलं, मालकाचा आवाज आहे, राहू दे, नातवंडं ऐकतील.


१० ऑगस्ट

पहिला सामना पुढच्या रविवारी. आज कपडे बदलायच्या खोलीत पोरांसमोर बोललो. मास्तर कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत बसले होते, बांधलेली सोडून पुन्हा बांधत.

मी म्हणालो, "हे बघा, आजवर तुम्ही मिळेल तिथून लाथा मारत होतात. ते दिवस संपले. आता चेंडू पायात आला की आधी मान वर, साहेब कुठे आहेत ते बघायचं, आणि चेंडू त्यांनाच द्यायचा. त्यालाच द्या! एवढं एकच लक्षात ठेवा."

मग डाव्या बगलेवर खेळतो त्या डावऱ्याकडे वळलो. हा पोरगा म्हणजे नुसती सुरसुरी. मैदानाच्या कुठूनही गोलावर लाथ घालतो. निम्मे चेंडू रस्त्यावर, निम्मे गोलकीपरच्या छातीत.

"तू तर विशेष. तुझी लाथ आजपासून माझ्याकडे गहाण."

"पण भाऊ, कधी कधी लागतो की."

"कधी कधी बंद घड्याळसुद्धा वेळ बरोबर दाखवतं."

खोली हसली. तोफ हसली नाही. ती डावऱ्याकडे बघत होती. मला वाटतं, दया आली असावी.


१७ ऑगस्ट, रविवार

बरोबरी. गोल नाही. पहिलाच सामना, अंग मोकळं व्हायला वेळ लागतो. पोरं शिस्तीत खेळली, प्रत्येक चेंडू साहेबांकडे. त्यांच्या भोवती विरोधकांची तीन-तीन माणसं, पण तोफेचा मान असतोच तो. मी घसा बसेपर्यंत ओरडलो.


३१ ऑगस्ट

हरलो. गोल नाही.

संध्याकाळी तो वर चालत होता. माझे कान तीक्ष्ण आहेत. कारखान्यात कुठलं पातं बोथट झालं ते मी ऑफिसात बसून आवाजावरून सांगतो. वर तो खिडकीपासून दारापर्यंत जायचा, दारापाशी थांबायचा आणि परत. दार उघडत नव्हता. मीच वर गेलो, म्हटलं कंटाळला असेल. दोन तास गप्पा मारल्या. म्हणजे मी मारल्या. त्याला फार बरं वाटलं असणार.


७ सप्टेंबर

सलूनमध्ये गेलो होतो. चेहऱ्यावर गरम टॉवेल, वर फक्त नाक. शेजारच्या खुर्चीवर दोघे येऊन बसले, त्यांना काय ठाऊक टॉवेलाखाली कोण आहे.

"तोफ म्हणे! फुसका बार आहे तो."

"अरे, त्याची काय चूक? त्याला बघून आपली पोरंच हात जोडून उभी राहतात. लग्नात व्याही आल्यासारखी."

"आणि तो बाकामागचा भोंगा?"

"भोंगा कोण?"

इथे न्हाव्याला जोराचा खोकला आला. मी टॉवेलाखालून म्हणालो, "बोला, बोला. दाढी व्हायला अजून वेळ आहे." दोघेही केस न कापताच गेले. मला राग आला नाही, हसूच आलं. पण 'फुसका बार' हा शब्द घरी येईपर्यंत बुटातल्या खड्यासारखा टोचत राहिला. एकदा का असं नाव पडलं की ते पुसायला गोलच लागतो.

आम्ही खालून तिसरे. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जातात. मी बंद पडणारा क्लब उचलून वर नेला, एवढी एकच गोष्ट या गावाने माझ्याबद्दल बिनशर्त मान्य केली आहे. गाद्यांच्या बाबतीत अजूनही कुणी ना कुणी म्हणतोच, आत कतरण आहे म्हणून.


१५ सप्टेंबर, सोमवार

काल रात्री त्याच्याशी मोकळं बोललो. जेवताना म्हटलं, "काय कमी आहे ते सांगा. लाजू नका."

तो बराच वेळ भातात बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, त्या डावऱ्याला गोलावर मारू द्या ना."

"त्याला? अहो, तो दहातले नऊ वाया घालवतो!"

"घालवू द्या."

"आणि तुम्ही तिथे उभे असताना त्याने मारायचं? तुमचा मान काय राहिला?"

"मला मान नको, भाऊ. मला..." त्याने ताट बाजूला सारलं. "त्याचा चुकलेला चेंडू हवाय."

केवढं मोठं मन! स्वतःचे गोल होत नाहीत, आणि हा त्या पोराच्या हौसेचा विचार करतो. मी भारावलो. आज सकाळी मैदानावर जाऊन डावऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "बघ, साहेब तुझी किती काळजी करतात. अशा माणसाला पास देताना तुझा हात, आपलं, पाय आखडता कामा नये." डावरा मान खाली घालून "हो भाऊ" म्हणाला. त्यानंतर सरावात त्याने एकदाही गोलावर मारलं नाही. शब्दाचा परिणाम होतो. फक्त बोलायला हवं.


२८ सप्टेंबर, रविवार

लिहवत नाही, तरी लिहितो.

आज पेनल्टी मिळाली. एरवी कप्तान मारतो. मी बाकामागून ओरडलो, "साहेबांना!" कप्तानाने चेंडू उचलून त्याच्या हातात दिला. त्याने परत कप्तानाला दिला. मी पुन्हा ओरडलो. सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं, मग त्याच्याकडे. शेवटी तो गेला. चेंडू ठेवला, मागे सरकला, आणि उभा राहिला. इतका वेळ उभा राहिला की पंचाने शिट्टी पुन्हा वाजवली.

वरच्या आडव्या दांड्याला लागून चेंडू बाहेर.

गाडीत म्हणाला, "उभा चेंडू मला कधीच जमला नाही, भाऊ. जुन्या क्लबातही मी पेनल्टी मारत नव्हतो."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

आठवत नाही. हसलो असेन. मी बऱ्याच गोष्टींना हसतो.


५ ऑक्टोबर

हरलो. खालून दुसरे.

मास्तर घरी आले. बहिणीच्या हातचा चहा घेतला आणि माझ्याकडे न बघता बोलले, "पुढच्या सामन्याला त्याला बसवू या. एकदाच. पोरांना जरा आपापलं खेळू द्या."

"कलम आहे ना."

"कलम कुणी घातलं?"

"मास्तर, तोंड सांभाळा."

"तोंडच सांभाळतोय मी जुलैपासून."

ही मध्ये पडली. "दोघेही आवाज खाली. वर ऐकू जातंय."

मास्तर गेल्यावर मी एक शक्कल काढली. वर जाऊन म्हणालो, "गुडघा-बिडघा दुखत असेल तर सांगा. कलमात तशी सोय आहे. दोन आठवडे आराम, कुणी काही बोलणार नाही."

तो खिडकीशी होता. पडद्यातून भिंतीवरचं चित्र दिसत होतं, संध्याकाळच्या उन्हात चांगलं उठून दिसतं.

"माझं काही दुखत नाही, भाऊ. दुखत असतं तर बरं झालं असतं." मग म्हणाला, "मला मोकळं करा. रद्द करा करार."

"करतो. जाल कुठे? जानेवारीपर्यंत कुठला क्लब तुम्हाला घेऊ शकत नाही. नियम आहे."

"घरी बसेन."

"आणि मी गावाला काय सांगू? तोफ पळाली?"

तो पुन्हा भिंतीकडे बघू लागला. मीही. पहिल्यांदाच त्या खोलीत आम्ही दोघे गप्प बसलो होतो. समोर कारखान्याचं यंत्र चालू होतं, मला ते एकदम गाडीच्या डब्यात बसल्यासारखं वाटलं. दार बाहेरून लावलेलं, आणि पुढचं स्टेशन जानेवारीत. त्याने मैदानाजवळ एखादी खोली मिळेल का विचारलं. मी म्हटलं, इथे काय कमी आहे? तो म्हणाला, काहीच कमी नाही. ते मला पटलं. जाताना त्याच्यासाठी आणखी एक उशी पाठवली.


१४ ऑक्टोबर

कारखान्यात वेगळाच वैताग. कुणी कशाचा निर्णय घेत नाही. दोऱ्याचा रंग, "भाऊंना विचारा." ट्रक कुठे लावायचा, "भाऊंना विचारा." मुकादम वीस वर्षं माझ्याकडे आहे, तो कतरणीचा ढीग दाखवून विचारतो, "यातला कुठला तुकडा कुठे लावू?" मी नसलो की सगळं ठप्प. सुट्टी घ्यायची म्हटलं तर शक्य नाही. स्वतः उभा केलेला कारखाना, आणि मीच त्यात खिळ्यासारखा ठोकलेला.

लेकीने घडीची गादी केली आहे, तीन घड्यांची, प्रवासात नेता येईल अशी. नमुना दाखवला. कल्पना वाईट नाही. मी घडी बदलली, शिवण बदलली, कापड बदललं, जाडी वाढवली.

"आता बघ कशी दिसते."

"आता ती घडी होत नाही, बाबा."

"मग साधी गादी म्हणून विकू."

ती नमुना तिथेच टाकून गेली. हल्लीची पिढी लगेच हिरमुसते.


२ नोव्हेंबर, रविवार

नशीब कसं असतं बघा! आज सामना बाहेरगावी. काल संध्याकाळी कापणीच्या यंत्राचा पट्टा तुटला, वसतिगृहाच्या गाद्या उद्या जायच्या, आणि मी नसताना पट्ट्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. म्हणून थांबलो. क्लब घेतल्यापासून चुकवलेला हा पहिला सामना.

आणि आजच त्याने दोन गोल मारले! दोन! जिंकलो!

लेकही माझ्याबरोबर कारखान्यात, त्यामुळे चित्रीकरणही नाही. फोनवर फोन केले. डावऱ्याला विचारलं, "कसा मारला रे?"

"लागला, भाऊ."

"अरे, पण कसा? पास कुणी दिला?"

"पास... असा नाही कुणी. म्हणजे, मी जरा... चेंडू इकडेतिकडे झाला. साहेब तिथे होते."

कप्तानाला विचारलं, तोही तोंडात गुळणी धरल्यासारखा. मास्तर तर गात होते चक्क! फोनवर मी आहे हे कळताच म्हणाले, "भावोजी, पट्टा नीट झाला का? जुनाच आहे ना? पुन्हा तुटेल बरं का."

एवढ्या आनंदाच्या दिवशी यांना माझ्या पट्ट्याची काळजी. घरची माणसं ती घरचीच.

रात्री तो जिना चढला तो दोन-दोन पायऱ्या एका दमात. मी ऐकलं. शीळ घालत होता. मी दार उघडलं, मिठी मारली, म्हटलं, "आता सापडला सूर! पुढच्या रविवारी घरचं मैदान, आणि मी आहेच. आता एकही सामना चुकवणार नाही, शब्द देतो."

शीळ थांबली. दमला होता.


९ नोव्हेंबर

हरलो. काही नाही. मीच सगळ्यांत जोरात ओरडत होतो, तरी.


१२ नोव्हेंबर

जेवताना बायको म्हणाली, "अहो, पुढच्या रविवारी माझ्या बहिणीकडे जाऊ या."

"रविवारी? सामना आहे."

"म्हणूनच म्हणते."

"क्लब बुडायला आलाय आणि मी मेजवान्या झोडू?"

तिने लेकीकडे बघितलं. लेकीने वर, छताकडे बघितलं. हल्ली या घरात सगळे एकमेकांकडे असे बघतात. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि बोलतो मात्र एकटा मी.


७ डिसेंबर

बरोबरी. गोल नाही. आता लोक त्याला पुतळा म्हणतात. कुणीतरी भिंतीवरच्या चित्राच्या पायाशी खरी फुलं ठेवून गेलं, मेलेल्याला वाहतात तशी. मी येण्याआधीच ती उचलायला हवी होती, पण कुणी उचलली नाहीत. विचारलं तर म्हणे, "तुम्हाला विचारायचं होतं, भाऊ."

त्याने वरून पाहिली असतील. त्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही.


२१ डिसेंबर, रविवार

शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी टिकणार होतो, एवढंच हवं होतं.

अगदी शेवटपर्यंत बरोबरीच. आणि मग डावरा सुटला. डाव्या बगलेवरून आत शिरला, समोर कुणी नाही, फक्त गोलकीपर. सगळं मैदान उभं राहिलं. तोफ पलीकडून धावत येत होती, तिला तिघांनी वेढलेलं. मारला असता तर? लागला असता, नसता लागला, देव जाणे. पण इतक्या महिन्यांची शिकवण त्या पोराच्या अंगात भिनलेली. तो थांबला. खरंच थांबला, पाय उचललेला, आणि मान वर करून साहेब कुठे आहेत ते बघू लागला.

तोफ ओरडली, "मार! मार ना रे!"

त्याच क्षणी मीही ओरडलो. सवयीने. जे रोज ओरडतो तेच.

डावऱ्याने पास दिला. तिघांपैकी एकाने तो मधेच तोडला, लांब मारला, आमचे सगळे पुढे आलेले, मागे मोकळं रान. त्यांनी गोल केला. शिट्टी.

खालच्या गटात गेलो.

डावरा गवतावर पालथा पडून रडत होता. तोफ त्याच्याजवळ जाऊन बसली, पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलत राहिली. मी तिकडे जायला निघालो तेव्हा मास्तरांनी माझा दंड धरला. घट्ट धरला. म्हणाले, "भावोजी, एवढ्या वेळी नको."


४ जानेवारी, रविवार

तो गेला. दोन बॅगा, त्यातली एक बुटांची. करार मी रद्द केला, आता ठेवून काय करणार. एका लहानशा क्लबाने घेतलं आहे म्हणे, मी नावही ऐकलं नव्हतं.

दारात म्हणालो, "आमचं काही चुकलं असेल तर..."

"इतक्या प्रेमाने मला कुणी ठेवलं नव्हतं, भाऊ." खोटं बोलत नव्हता, डोळे भरले होते. मग म्हणाला, "माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं ना, तेव्हा मी बरा खेळतो. एवढंच."

विनयशील माणूस. शेवटपर्यंत दोष स्वतःकडेच घेतला.

वर जाऊन बघितलं. माझा पांढरा पडदा घडी करून गादीवर ठेवलेला, आणि खिडकीला पुन्हा ती जाड चादर.


२५ जानेवारी, रविवार

त्या लहानशा क्लबासाठी त्याने आज गोल मारला. मागच्या रविवारीही मारला होता, लेक आज बोलली, मागच्या वेळी बोलायची हिंमत झाली नाही म्हणे.

"बघायचाय?"

कुण्या प्रेक्षकाने फोनवर घेतलेलं. हात हलतोय, समोर कुणाची तरी टोपी, काही धड दिसत नाही. मी म्हटलं, राहू दे, डोळ्यांना त्रास. डोळे मिटून नुसतं ऐकत राहिलो. या फितीवर गाणं नव्हतं.

ऐकू आलं ते असं. आधी एक जोराचा ठोका, कुणीतरी सणसणीत लाथ घातली. मग थाप, गोलकीपरच्या मोज्यांवर चेंडू आदळल्याची. आणि त्या दोन्हींनंतर अगदी हलका, चिमूटभर आवाज. टप. मग आरडाओरडा.

"पुन्हा लाव."

ठोका, थाप, टप.

"मागच्या रविवारचा?"

ठोका. थाप. टप.

मला तो शेवटचा आवाज ओळखीचा वाटला. फार जुना. गोणी घेऊन मी कारखान्यांच्या मागच्या दारी उभा असायचो तेव्हाचा. आत मोठं पातं चालायचं, आणि कापलेला तुकडा बाहेर पडला की असाच वाजायचा, टप. तो पडला की मी उचलायचो. माझ्याइतका चटकन कुणी उचलत नसे. आतल्या मालकाने तेव्हा कापायचंच थांबवून मला आत बोलावून खुर्चीवर बसवलं असतं, तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

"आता आपला लाव. शेवटचा सामना."

"नको ना, बाबा."

"लाव."

डोळे मिटले. कान देऊन ऐकलं. लाथ ऐकू येईना, मोजे ऐकू येईनात, तोफ "मार" म्हणून ओरडलेली तर मला आठवते, तीही ऐकू येईना. सगळ्यावर एकच आवाज, खरखरीत, बसलेला, न थांबणारा: त्याला द्या. त्यालाच द्या. अरे, त्याला!

"आवाज थोडा कमी कर," मी म्हणालो.

"तो कमी होत नाही, बाबा. मी वर्षभर प्रयत्न केला."


२ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी कारखान्यात एक ठरवून गेलो. कुणाला सांगितलं नाही, हिलाही नाही.

मुकादम आला. हातात कतरणीचे दोन तुकडे, एक पांढरा, एक पिवळसर. "भाऊ, कुठला कुठे लावू?"

मी काही बोललो नाही.

त्याला वाटलं ऐकू आलं नसेल. पुन्हा विचारलं. मी हसलो आणि मान हलवली, म्हणजे तूच बघ. तो घाबरला. "भाऊ, काही चुकलं का?" मागे शिलाईवाल्या थांबल्या. कापणीवाल्याने यंत्र बंद केलं. कुणीतरी कुजबुजलं, भाऊंची तब्येत बरी नाही. कुणी पाणी आणलं. लेक काचेपलीकडे उभी होती, तिची घडीची गादी काखेत, आत यावं की न यावं अशी. मी तिच्याकडेही काही खूण केली नाही. जीव जात होता, पण केली नाही.

शेवटी खुर्ची फिरवली, सगळ्यांकडे पाठ केली आणि ही डायरी उघडली. समोरच्या खिडकीतून कारखान्याच्या पलीकडच्या भागाची ती भिंत तिरपी दिसते, तिच्यावर तोफ. रंगाचे पोपडे निघायला लागलेत, पाय तेवढे शाबूत आहेत.

मागे सगळे उभे आहेत. श्वाससुद्धा ऐकू येतात. पण यंत्र बंद, पाती बंद, आणि कान टवकारून बसलो आहे तरी अजून एकही कात्री वाजलेली नाही.